होमलाइट एक्सएल-१२ : जुनी करवत आणि तिचे पॉइंट

ज्याला दोरी ओढली की मशीन चालू झाली पाहिजे आणि काम संपलं की कोपऱ्यात टाकून विसरता आली पाहिजे, त्यानं ही पेट्रोलवर चालणारी चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, घेऊ नये. बॅटरीवरची घ्यावी, चार्जर भिंतीला लावावा, सुखी राहावं. नटाला पाना लावल्याशिवाय ज्यांचा रविवार सरत नाही, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे.

मी मूळचा कागलचा, पेशानं मशिनिस्ट. राहतो मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, बर्कशायरच्या डोंगरात. इथं घर तेलावर तापवायचं म्हटलं की बिल बघूनच घाम फुटतो, तेवढीच काय ती ऊब. म्हणून लाकडाची शेगडी बसवली आणि जळणाच्या मागं लागलो. सध्या जळण म्हणजे ॲश नावाचं झाड. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चमकदार भुंगा या राज्यात पहिल्यांदा सापडला तो २०१२ साली, आमच्याच बाजूला, डाल्टन गावात. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडत खातात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि झाड उभं वाळतं. असं वाळलेलं झाड पाडणं आपलं काम नाही. फांद्या कधी तुटून डोक्यात येतील नेम नसतो, त्यामुळं पाडायला जाणता माणूस बोलावतो. खाली आलेल्या खोडाचे सोळा-सोळा इंचांचे ओंडके करणं मात्र माझ्याकडं. इकडं जळण कॉर्डवर मोजतात : चार बाय चार बाय आठ फुटांची रास, म्हणजे १२८ घनफूट. आमच्यासारख्या घराला हिवाळ्यात अशा दोन-तीन राशी सहज लागतात.

तर करवत. होमलाइट ही मूळची न्यू यॉर्क राज्यातल्या पोर्ट चेस्टरची कंपनी. १९२१ मध्ये सुरू झाली तेव्हा घरगुती विजेसाठी छोटे जनरेटर बनवायची, चेनसॉ नंतर आल्या. एक्सएल-१२ आली १९६०च्या दशकात. नावातले १२ म्हणजे १२ पौंड, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन सोडून वजन. साडेपाच किलोच्या आत ५४ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं, बॉडी मॅग्नेशियमची. त्या काळात हे वजन म्हणजे जाहिरातीत मिरवण्यासारखी गोष्ट होती. वर्षानुवर्षं ही मशीन निघत राहिली आणि इतकी खपली की आजही इथल्या गॅरेज सेलमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी एखादी पडलेली दिसतेच. पुढं कंपनी १९९४ मध्ये जॉन डिअरकडे गेली आणि २००१ मध्ये हाँगकाँगच्या टीटीआयकडे. त्यानंतर त्या नावानं जे विकलं गेलं त्याचा या करवतीशी संबंध नाही. सुट्या भागांसाठी कंपनीच्या दारात जायचं नाही, जुन्या मालाचे व्यापारी गाठायचे.

माझी मला चाळीस डॉलरला मिळाली. "मागच्या वर्षी चालत होती," असं विकणारा म्हणाला. सगळे हेच म्हणतात. इथं बहुतेक लोक चालत नसलेली चेनसॉ घरी आणली की आधी कार्ब्युरेटर उघडतात. मीही हात तिकडंच नेत होतो, तेवढ्यात कोल्हापूरहून मामेभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याचं गॅरेज आहे, बुलेट आणि जुन्या येझदी एवढंच बघतो, नव्या गाड्यांना हात लावत नाही.

"काय करालायस दादा?"

"कार्ब्युरेटर खोलतोय."

"करंट बघितलास का आधी?"

"नाही अजून."

"मग ते ठेव खाली. प्लग काढ, बॉडीला टेकव, दोरी ओढ. करंट नसंल तर कार्ब्युरेटर धुऊन आरती करणार हाईस काय त्याची?"

ओढली. करंट नव्हता. नावालाही नव्हता.

पॉइंटच्या इग्निशनची गंमत अशी की त्यात अडण्यासारख्या जागा थोड्या आणि सगळ्या डोळ्यांना दिसणाऱ्या. पॉइंट म्हणजे एकमेकांना टेकणारी आणि सुटणारी धातूची दोन टोकं. फ्लायव्हीलला, म्हणजे शाफ्टवरच्या जड चाकाला, चुंबक बसवलेलं असतं. ते कॉइलजवळून (तारेच्या दोन वेटोळ्यांजवळून) फिरलं की जाड तारेच्या वेटोळ्यात करंट तयार होतो, आणि पॉइंट जोडलेले असेपर्यंत तो फिरत राहतो. तो ऐन भरात असताना शाफ्टवरचा कॅम, म्हणजे उंचवटा, हलत्या पॉइंटला ढकलतो, दोन टोकं सुटतात, करंट तुटतो. त्याबरोबर चुंबकक्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांमध्ये काही हजार व्होल्ट उभे राहतात. ते प्लगच्या फटीत उडी मारतात. पॉइंट सुटताना ठिणगी तिथंच पडून टोकं जळू नयेत म्हणून शेजारी तो धक्का झेलणारा कंडेन्सर. बस्स, एवढंच. चिप नाही, सर्किट नाही.

फ्लायव्हीलला हात लावण्याआधी एक काम करा, फुकटचं आहे : मशीन बंद करायच्या स्विचची तार सोडवा. ती तार कॉइलच्या पहिल्या वेटोळ्याला बॉडीशी जोडून इंजिन बंद करते. स्विच गंजून चिकटला असेल किंवा तारेवरचं प्लॅस्टिक खरवडून ती बॉडीला लागत असेल, तर पॉइंट नवे घातले तरी करंट यायचा नाही. तार सोडून पुन्हा दोरी ओढायची. करंट आला तर दुखणं स्विचचं. माझ्या मशीनचा स्विच निर्दोष निघाला, म्हणजे फ्लायव्हील काढणं आलं.

या मॉडेलवर माझी पहिली तक्रार इथंच आहे. बुलेटचं एक कव्हर काढलं की पॉइंट समोर दिसतात. जुन्या चेतकच्या मॅग्नेटला निदान खिडकी असते, त्यातून स्क्रूड्रायव्हर घालता येतो. होमलाइटवाल्यांनी पॉइंट फ्लायव्हीलच्या पोटाखाली, डबीत घालून, वर झाकण लावून ठेवलेत. धूळ आणि भुसा आत जाऊ नये म्हणून हे केलंय, त्यांचंही खरं आहे. चेनसॉचा भुसा कुठं शिरेल सांगता येत नाही. पण पॉइंट नुसते बघायचे म्हटले तरी फ्लायव्हील खाली आलंच पाहिजे.

ते काढताना लोक जे करतात ते बघून जीव वर येतो. फ्लायव्हीलच्या पात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडवतात. पाती नाजूक असतात, एक तुटली की तोल गेला, आणि या वेगाला तोल गेलेलं फ्लायव्हील बेअरिंग खाऊन टाकतं. नीट पद्धत म्हणजे प्लग काढायचा, पिस्टन वर चढत येऊन पोर्ट (सिलिंडरच्या बाजूची भोकं) झाकले गेले की प्लगच्या भोकातून हातभर नायलॉनची दोरी आत सारायची. पिस्टन दोरीवर अडतो, शाफ्ट फिरत नाही, कुठं ओरखडासुद्धा उठत नाही. फ्लायव्हीलच्या नटाचे आटे सरळ आहेत. दुसऱ्या बाजूला क्लच आहे त्याचे उलटे, ती बाजू उघडायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा, नाहीतर आवळत बसाल. नट सैल झाला की पूर्ण काढायचा नाही. शाफ्टच्या टोकाशी बरोबरीला आणून ठेवायचा, फ्लायव्हील हातानं बाहेरच्या बाजूला ओढून धरायचं आणि नटावर पितळेच्या ड्रिफ्टनं (ठोकायच्या सळीनं) एक नेमका टोला द्यायचा. शाफ्टला टेपर आहे, म्हणजे तो निमुळता आहे, सुटतं तेव्हा एकदम सुटतं. पुलर असेल तर उत्तमच. फ्लायव्हीलखाली पेचकस घालून उचकटायचं मात्र नाही.

बाहेर आलं की चावी बघायची. शाफ्ट आणि फ्लायव्हीलच्या खाचेत अर्धचंद्रासारखी बारीक चावी असते. कुणी नट नीट न आवळता मशीन चालवली असेल तर ती कापली जाते, फ्लायव्हील किंचित सरकतं आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, गेलं. मग पॉइंट कितीही लावा, मशीन दोरीला झटके देते किंवा फुस्स करून बसते. चावी सरळ कडेची, न चेमटलेली पाहिजे.

झाकण काढून पॉइंट बघितले तेव्हा ते जळालेले नव्हते, नुसते मळलेले होते. भिंगाखाली दोन्ही टोकांवर राखाडी-पांढरट साय धरलेली आणि एका टोकावर टाचणीच्या अग्राएवढा खड्डा, त्याच्यासमोर दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा. न वापरता ठेवलेल्या मशीनचं हेच होतं, धातूवर साय येते आणि विजेला रस्ता मिळत नाही. शिवाय डबीत तेलाचा हलका पापुद्रा होता. हा शाफ्टच्या सीलमधून झिरपतो. पापुद्र्यापुरता असेल तर पुसून टाकायचा. थेंब साचलेले असतील तर सील बदलल्याशिवाय पुढं जाऊ नका, नाहीतर आज साफ केलेले पॉइंट महिन्यात परत तेलकट होतील.

"पॉलिश पेपर लावू नकोस हां," कोल्हापूरहून आवाज आला. फोन मी वाइसला टेकवून ठेवला होता. "त्याचे कण रुततात आत. कानस घे, बारीक."

पॉइंटची चपटी कानस मिळते, तिनं उंचवटा उतरेपर्यंत दोन-चार हात मारायचे. खड्डा पूर्ण घालवायच्या नादाला लागायचं नाही, त्यात धातूच संपतो. मग कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापून ती कार्ब क्लीनरमध्ये बुडवायची, बंद पॉइंटमध्ये धरून ओढायची. काळी रेघ उठते. दुसरी पट्टी, फिकी रेघ. पट्टी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. शेवटची कोरडी ओढायची, कारण क्लीनरचा अंशही मागं राहायला नको. नवे पॉइंट घातले तरी हे करायचंच. कारखान्यातून येताना गंजू नयेत म्हणून त्यांना काहीतरी लावलेलं असतं, आणि नवे पॉइंट टाकूनही करंट नाही म्हणून बोंब मारणाऱ्यांतले अर्धे इथं अडलेले असतात.

आता फट, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडल्यावर दोन टोकांत राहते ती. फिलर नावाच्या पात्यानं ती मोजतात. होमलाइटचा आकडा आहे ०.०१५ इंच, म्हणजे पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), साधारण ०.३८ मिलिमीटर.

"फिलर कितीचा सांगितलाय?"

"पंधरा थाऊ."

"मग बुलेटच की रं ही! चौदा-सोळा लावतोय मी रोज."

बुलेटचा आकडा खरोखरच ०.०१४ ते ०.०१६ इंच. इंग्लंडात आखलेली फोर-स्ट्रोक मोटरसायकल आणि न्यू यॉर्कची टू-स्ट्रोक करवत, फट एकच. भाऊ यावर इतका खूश झाला की त्यानं गिऱ्हाइकालाही फोनवर घेतलं.

पॉइंट लावताना शाफ्ट हळूहळू फिरवायचा आणि पॉइंट जास्तीत जास्त उघडतात ती जागा धरायची. कॅमच्या माथ्यावर रबिंग ब्लॉक (हलत्या पॉइंटचा कॅमवर घासणारा ठोकळा) आला पाहिजे, अलीकडं-पलीकडं नाही. मग पक्क्या पॉइंटचा स्क्रू किंचित सैल करायचा. पूर्ण सैल केला तर पॉइंट हवा तिकडं पळतो, सरकवल्यावर जागेवर राहील एवढीच पकड सोडायची. खाचेत पेचकसाचं टोक घालून कणभर वळवायचं, पंधराचं पातं घालायचं. पातं सहज गेलं पाहिजे आणि ओढताना किंचित धरलेलं जाणवलं पाहिजे. चौदाचं ढिलं जावं, सोळाचं अडावं. माझी ही खात्री करायची पद्धत आहे, कारखान्यात गेज बघतानाही तसंच करतो. स्क्रू आवळायचा आणि परत मोजायचं. आवळताना पॉइंट थाऊ-दोन थाऊ सरकतोच, पहिल्याच दमात बरोबर आलं असं माझ्या बाबतीत कधी होत नाही. पात्याला तेल नको, नाहीतर केलेली सगळी सफाई वाया.

एवढ्या बारकाव्यात शिरायचं कारण असं की फट नुसती फट नसते, तिच्यात टायमिंगही येतं. फट मोठी केली की कॅम पॉइंटला लवकर उचलतो, म्हणजे ठिणगी आधी पडते. लहान केली की उशिरा. ज्या मशीनची कॉइल पुढं-मागं सरकवता येत नाही तिथं टायमिंग लावायचं दुसरं साधन हातात नसतं. फट फारच बारीक ठेवली तर पॉइंटवरच ठिणग्या उडतात आणि प्लगला उरतं ते पिवळट, मेलेलं. आणि रबिंग ब्लॉक झिजत जातो तशी फट आपोआप कमी होत जाते. म्हणजे एकदा लावलेलं टायमिंग वापरासोबत हळूहळू मागं पडतं. मशीन गरम झाल्यावर सुस्त वाटायला लागली की त्याचा संशय घ्यावा. कॅमवर घासणाऱ्या नमद्याला एक थेंब तेल दिलं की ब्लॉक बराच टिकतो. एकच थेंब.

मल्टीमीटरवाल्यांसाठी एक गोष्ट. पॉइंट उघडले की मिटले हे मीटरनं बघायचं असेल तर कॉइलची तार आधी पॉइंटपासून सोडवा. कॉइलच्या पहिल्या वेटोळ्याचा रोध इतका कमी असतो की पॉइंट उघडे असले तरी मीटर बीप देत राहतो. आणि आपण शपथेवर सांगतो, पॉइंट चिकटलेत म्हणून.

फ्लायव्हील परत चढवताना टेपर दोन्हीकडून कोरडा पुसला, चावी खाचेत बसलीय हे बघितलं, नट आवळला. प्लगची फट ०.०२५ इंच. दोरी ओढली तर प्लगच्या टोकाला निळी, जाड, टक् असा आवाज करणारी ठिणगी. "आत्ता कसं," भाऊ म्हणाला आणि फोन ठेवून जेवायला गेला. तिकडं रात्र झाली होती.

कार्ब्युरेटरचं काम नंतर करावंच लागलं, पण ते किरकोळ. टिलॉटसनचा आहे, डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा), त्यामुळं करवत आडवी-उभी कशीही धरली तरी पेट्रोल येतं. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यानं जुने डायफ्रॅम कडक होतात. किट स्वस्त आहे, घालून टाका.

आता सुट्या भागांबद्दल, कारण पैसे तिथं जातात. जुने पॉइंट चालत होते तरी सुटीचा एक जोड जवळ असावा म्हणून मी ऑनलाइन एक पॉइंट-कंडेन्सरचा संच मागवला, वीसेक डॉलरचा. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. पॉइंट चांगले निघाले, टोकं समोरासमोर बसतात, स्प्रिंगला जोर आहे. कंडेन्सर मात्र रद्दी. घालून बघितला तर थंड मशीन पहिल्याच ओढीला सुरू, ओंडके दोन-तीन पाडले की विझली. तासभर ठेवली की परत शहाणी. गरम झाल्यावर आतून गळणारा कंडेन्सर हेच करतो, आणि माणूस विनाकारण कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसतो. झाकण उघडलं तर नव्या पॉइंटवर निळसर-काळा डाग. विक्रेत्याला फोटो पाठवले, त्यानं दुसरा पाठवला, तोही तसलाच. शेवटी मशीनचा मूळचा कंडेन्सर परत बसवला, तो आजही चालतोय. तेव्हा सल्ला असा : पॉइंट नवे घ्यायला हरकत नाही, पण जुना कंडेन्सर काम करत असेल तर तो फेकू नका. नवाच घ्यायचा तर न वापरलेला जुना साठा शोधा. अशा कंडेन्सरची क्षमता ०.२ मायक्रोफॅरॅडच्या आसपास असते, मीटरवर तपासून घेता येते. पण मीटर थंड कंडेन्सर मोजतो, गरम झाल्यावरचं वागणं त्यात दिसत नाही.

पॉइंटच नकोत असं म्हणणाऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक चिप मिळते. ॲटम, नोव्हा अशा नावांच्या छोट्या डब्या असतात. पॉइंटकडं जाणारी तार तोडायची, चिप कॉइलला जोडायची, झालं. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही कायमचे निवृत्त. शेजाऱ्याच्या जुन्या करवतीला मी अशी बसवून दिली. काम चोख करते, लपवत नाही. भुसा, ओल, तेल कशाचंच तिला पडलेलं नाही. पण दोन गोष्टी सांगतो. एक, तिला ठिणगी द्यायला ठराविक वेग लागतो. पॉइंटवाली हलक्या ओढीला पेटते, चिपवालीला जोरात ओढावं लागतं, आणि खांद्याचं दुखणं असलेल्याला हे कळतं. दोन, ठिणगी कधी पाडायची ते आता चिप ठरवते, फटीतून टायमिंग लावायची सोय गेली. नशिबानं जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर चावी काढून फ्लायव्हील सरकवायचे उद्योग लोक करतात, ते मला पटत नाहीत. ज्यांना वर्षातून दोनदा करवत काढायची आहे त्यांनी खुशाल चिप घालावी. मी घालणार नाही. चिप गेली तर तिला फेकून दुसरी आणण्याखेरीज काही करता येत नाही. पॉइंट अडले तर कार्डाची पट्टी पुरते, तीही जंगलाच्या कडेला उभं राहून.

कापायला कशी आहे? झकास. सोळा इंची बार, धारदार चेन, वाळलेला ॲश. मध्ये दाबावं लागत नाही, स्वतःच्या वजनानं उतरते. आवाज आजच्या करवतींसारखा किरकिरा नाही, खर्जातला आहे, मात्र मोठा आहे. कानाला मफ हवेतच. आता वाईट बाजू, आणि त्या हलक्या नाहीत. चेन ब्रेक नाही. बारचं टोक कुठं आपटून करवत उलटी उसळली तर चेन थांबवणारं काही नाही, फक्त तुमचे दोन हात आणि अक्कल. माझ्या मुलाला मी ही वापरू देत नाही, त्याच्यासाठी नवी आहे. कंप शोषणारे रबर नाहीत, टाकीभर कापलं की बोटांना मुंग्या येतात, त्यामुळं मी टाकी संपली की चहा करतो. चेनला तेल अंगठ्यानं बटण दाबून द्यायचं असतं, दर काही सेकंदांनी. विसरलात तर बारमधून धूर येतो. भरलेली करवत सात किलोच्या आसपास जाते, बारा पौंडांच्या जाहिरातीला भुलू नका. मशीनवर पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण १६:१ छापलंय ते त्या काळच्या तेलासाठी. मी आजचं चांगलं टू-स्ट्रोक तेल ३२:१ घालतो, धूर कमी आणि प्लग कोरडा.

गावाकडच्या वाचकांसाठी : कोकणात आणि आमच्याकडं राधानगरी-गगनबावडा भागात आता ज्या कटर मशीन मिळतात, स्वस्तातल्या चिनीसुद्धा, त्यांत पॉइंट नसतात. सगळी इलेक्ट्रॉनिक कॉइल. तिथं करंट गेला की कॉइल बदलायची, दुसरा इलाज नाही. त्यामुळं हे सगळं वाचून कुणी आपल्या मशीनचं फ्लायव्हील ठोकायला बसू नये. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यामधली फट मात्र तिथंही असते, आणि ती लावायला जाडसर व्हिजिटिंग कार्ड तिथंही चालतं.

सेकंडहँड घ्यायला जाल तर खिशात प्लगचा पाना ठेवा. प्लग काढून आधी भोकातून पिस्टन बघा, मग मफलर उघडून एक्झॉस्टच्या बाजूनं. उभे ओरखडे असतील तर परत फिरा, त्यावर पॉइंटनं काही होत नाही. दोरी धरून मशीन हवेत उचला. वजनानं भराभर खाली गेली तर कम्प्रेशन नाही. थांबत थांबत, अडखळत उतरली तर इंजिन जिवंत आहे. फ्लायव्हील हातानं वर-खाली हलवून बेअरिंगचा ढिलेपणा बघा. हे तिन्ही ठीक असेल आणि फक्त करंट नसेल तर खुशाल घ्या, तोच सगळ्यात स्वस्त बिघाड आहे. विकणाऱ्याला मात्र तसं सांगू नका. चालत नसलेल्या मशीनला पन्नास डॉलरच्या वर देऊ नये. चालू मशीनला सव्वाशे मागतात, आणि ती गरम झाल्यावर वीस मिनिटांनी पुन्हा पेटवून दाखवली तरच द्यावेत.